मिस्त्री, तुमाला कसं लागलं न्हाई?

जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस अजून धरायचा होता, ढग नुसते येऊन जात होते. मी वर्कशॉपच्या दारात सागाच्या चौकटीला रंधा मारत होतो, तेवढ्यात जांबोटीच्या पुढच्या एका गावातून एक गृहस्थ आले. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्याला टॉवेल, हातात मोबाइल. पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "ह्ये तुमीच न्हवं काय ओ?"

मीच होतो. चेनसॉने, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या दातेरी साखळीच्या करवतीने, फणसाच्या बुंध्यातून बसायचं स्टूल काढतानाचा माझा ४३ सेकंदांचा व्हिडिओ.

"पोरानं ह्येच बघून केलं ओ. मांडीला एकतीस टाके पडल्यात. तुमच्यावर राग न्हाई. खरं एक इचारायचं होतं. तुमाला कसं लागलं न्हाई?"

ते खरोखर विचारत होते. त्या आवाजात टोमणा नव्हता, भांडण नव्हतं. त्यांना वाटत होतं की माझ्याकडे काहीतरी युक्ती आहे, जी पोराला कळली नाही. मी काहीतरी पुटपुटलो. नीट उत्तर देता आलं नाही. ते गेल्यावर त्या दिवशी मी पुढे काम केलं नाही. त्या माणसाला जे सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला सुतार. आज्जा सुतार, वडील सुतार. देव्हारे, चौरंग, पाट, दारं-खिडक्या हे आमचं पोटापाण्याचं काम. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बेळगावात कॉलेजला असलेला पुतण्या घरी येऊन बसला होता. त्याने माझं काम मोबाइलवर काढायला सुरुवात केली. पटाशीने खाचा पाडताना, कानस मारताना, पॉलिश लावताना. लोक बघायला लागले. इकडे आपल्या भागात बघणारे मराठीही आहेत, कन्नडही आहेत. लाकडाचं काम बघायला भाषा लागत नाही, हे मला तेव्हा फार आवडलं होतं. आता तीच गोष्ट मला घाबरवते. ज्याला माझी भाषा कळत नाही त्याच्यापर्यंत माझं बोलणं पोचत नाही. माझे हात तेवढे पोचतात.

त्या स्टुलाच्या व्हिडिओत माझे हात काय करत होते ते सांगतो. ओंडक्याचा वरचा भाग बसायला खोलगट करायचा होता. मी चेनसॉचं टोक वरून लाकडात घालून कोरत होतो. काही ठिकाणी मशीन उजव्या हातात एकट्याने धरलेलं आणि डाव्या हाताने सुटलेली ढलपी बाजूला करतोय. पायात रबरी चप्पल. डोळ्याला काही नाही, कानाला काही नाही. वर ढोलकीचं संगीत, आणि सगळं दुप्पट वेगाने पळवलेलं. दोन लाख साठ हजार लोकांनी ते बघितलं. माझ्या कुठल्याच देव्हाऱ्याला एवढे लोक आले नव्हते.

आता चेनसॉचं शास्त्र थोडं सांगावं लागेल, नाहीतर पोराच्या मांडीचं कळणार नाही.

चेन मशीनमधून पुढे आलेल्या लांब पट्टीभोवती फिरते. पट्टीच्या खालच्या बाजूला ती आपल्याकडे येते, म्हणून खालच्या बाजूने कापताना मशीन पुढे लाकडाकडे ओढलं जातं. वरच्या बाजूला ती आपल्यापासून लांब पळते, म्हणून वरच्या बाजूने कापलं तर मशीन आपल्या अंगावर ढकललं जातं. हे दोन्ही हाताला कळतं, सांभाळता येतं. टोकाचं तसं नाही. टोकाच्या वरच्या पाव भागात चेन पुढे जाऊन खाली वळत असते. तिथे लाकूड लागलं की दाताला कापायला जागा मिळत नाही, तो अडकतो, आणि मशीनची सगळी ताकद पट्टीला वर आणि मागे, म्हणजे आपल्या तोंडाकडे फेकते. याला किकबॅक म्हणतात, आमच्याकडचे तोडवाले 'उसळी' म्हणतात. पूर्ण रेसमध्ये चेनचा वेग सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. उसळी आली हे डोळ्याला कळून हात हलवेपर्यंत ती येऊन गेलेली असते. म्हणून "मी सावध होतो" याला इथे काही अर्थ नाही.

म्हणून मशीन बनवणाऱ्यांनी पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल दिलेली असते. तोच चेन ब्रेक. पट्टी उसळली की डावं मनगट त्या ढालीवर आपटतं आणि चेन थांबते. उसळीच्या झटक्यानेही तो आपोआप पडतो. पण मनगटाने पडायला डावा हात मुठीवर हवा. अंगठा मुठीच्या खालून गुंडाळलेला, बाकीची बोटं वरून. एका हाताने मशीन धरलं की मनगट त्या ढालीमागे नसतंच, आणि पट्टीला खाली दाबून धरणारंही कोणी नसतं. माझ्या त्या व्हिडिओत डावा हात ढलप्या गोळा करत होता.

पोराने नेमकं तेच केलं. ऑनलाइन मागवलेलं ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं मशीन. त्याचं टोक बुंध्यात घातलं, ते खोबणीच्या समोरच्या कडेला वरून लागलं. मशीन उसळून खांद्याजवळून गेलं आणि खाली येताना डाव्या मांडीवर आलं. गुडघ्याच्या वर चार बोटं. आईने डोक्यावरचा पदर नाही, अख्खं लुगडं वळणीवरून ओढून घडी करून जखमेवर दाबलं आणि बेळगावला पोचेपर्यंत दाब सोडला नाही. त्यांच्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती देवळाच्या पायरीवर. धाकटा भाऊ तिथे पळत गेला, १०८ ला फोन लावला, पण गाडी येईपर्यंत शेजाऱ्याच्या बोलेरोतून निघाले. हे सगळं पोराच्या वडिलांनी मला सांगितलं, हिशोब सांगावा तसं.

तर मला कसं लागलं नाही?

त्या रात्री मी पुतण्याला मूळ रेकॉर्डिंग काढायला सांगितलं. एक तास पन्नास मिनिटांचं होतं. आम्ही दोघांनी ते पहिल्यापासून बघितलं. पहिली वीस मिनिटं मी ओंडका बसवतोय. दोन्ही बाजूंनी किंजळीच्या लाकडाच्या पाचरी ठोकल्यात, पायाने ढकलून बघितलंय, हलतोय म्हणून परत ठोकल्यात. मग चेनला धार. गोल कानशीने प्रत्येक दाताला तीन-तीन वेळा. मग चेनचा ताण बघितलाय, हाताने ओढून. मशीन सुरू करताना ते जमिनीवर ठेवलंय, चेन ब्रेक लावलाय, मागच्या मुठीत पाय घालून दोरी ओढलीय. आणि कोरताना मी सरळ टोक घालत नाहीये. आधी टोकाचा खालचा भाग लावून, पूर्ण रेसवर, हळूहळू मशीन उभं करत आत जातोय. दर दोन-तीन मिनिटांनी थांबतोय. चेन पूर्ण थांबेपर्यंत हलत नाहीये. दोनदा पुतण्याला "मागं सर" म्हणून ओरडलोय.

यातलं एकही सेकंद त्या ४३ सेकंदांत नव्हतं.

पुतण्याने ते काढलं, कारण ते कंटाळवाणं होतं. मी हो म्हटलं, कारण मलाही ते कंटाळवाणं वाटलं. जे मला वाचवत होतं ते आम्ही दोघांनी मिळून कापून टाकलं, आणि जे मला मारू शकलं असतं ते ढोलकी लावून लोकांना दिलं. एका हाताने धरल्याचे प्रसंग सगळे मिळून जेमतेम एक मिनिटाचे होते. एक तास पन्नास मिनिटांतलं एक मिनिट. त्यातली अकरा सेकंदं व्हिडिओत घेतली, कारण ती 'भारी' दिसत होती.

आणि त्या एका मिनिटात मला लागलं नाही ते नशिबाने. याला दुसरा शब्द नाही. ती युक्ती नव्हती, अनुभव नव्हता. २०१५ पासून मशीन वापरतोय, पण ज्या क्षणी डावा हात सुटला त्या क्षणी माझी नऊ-दहा वर्षं काही कामाची नव्हती. त्या गृहस्थांना हेच सांगायला हवं होतं.

आज्जाच्या वेळी चेनसॉ नव्हता. ओंडका मांडवावर चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, मधे मोठी करवत. खालच्याच्या डोळ्यात भुसा पडायचा म्हणून तो मान वाकडी करून ओढायचा. आज्जाने मला वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, हातात द्यायच्या आधी दोन वर्षं नुसतं समोर बसवलं होतं. वाकस दोन पायांच्या मधे चालतो, चुकला की नडगीवर येतो. त्या दोन वर्षांत मी आज्जाचं काम जितकं बघितलं, त्याहून जास्त त्याचं थांबणं बघितलं. तो कुठे पाय ठेवतो, धार कधी बघतो, कोण आलं की हत्यार खाली ठेवतो. शिकायला समोर बसलेल्याला अख्खा दिवस मिळत होता. आमच्या व्हिडिओने त्यातली फक्त घाव घालायची क्षणं उचलली. आज्जाने तसं शिकवलं असतं तर आमच्या घरात कोणाची नडगी शाबूत राहिली नसती.

"खाली लिहू या की, घरी करून बघू नका," पुतण्या म्हणाला. मला ते पटलं नाही. ती ओळ मी स्वतः कधी वाचत नाही. लोक माझ्या पायातली चप्पल बघतात. मिस्त्री चप्पल घालून करतो म्हणजे चप्पल चालते, एवढं ते शिकतात. आणि माझ्या मशीनबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत आहे. खानापुरात, निपाणीत, चिकोडीत ज्या पोरांच्या हातात ही मशीनं आलीत त्यांच्यातल्या किती जणांनी ते वाचलं असेल? त्यांचं पुस्तक म्हणजे आम्ही. आम्हाला हे पद कोणी दिलं नाही, पण ते आलंय.

तो व्हिडिओ मी काढून टाकला. पुतण्याचं म्हणणं होतं, दुसऱ्या कोणाचा तरी बघतीलच. बघतील. पण ते गृहस्थ दुसऱ्या कोणाच्या दारात आले नव्हते.

त्यानंतर मी माझं सगळं जुनं तपासलं. ग्राइंडरचे तीन व्हिडिओ काढले. चार इंची ग्राइंडरला चेनसॉची पट्टी बसवायचं एक सामान मिळतं. स्वस्त आहे, आपल्या भागात घरोघर दिसायला लागलंय. त्याला चेन ब्रेक नाही, दोन्ही हातांना नीट मूठ नाही, उसळी आली तर आडवं येणारं काहीही नाही. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तो दगड-लोखंड घासायला बनवलाय. त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणंही तसंच. ते पातं अडकलं की ग्राइंडर हातातून निघून जातो. मी एका व्हिडिओत तेच पातं गार्ड काढून वापरलं होतं. गार्ड का काढलं होतं? पातं मोठं होतं, बसत नव्हतं. एवढंच कारण.

एक गोष्ट मी कधी केली नाही, आणि करणारही नाही. लाकडावर विजेची नक्षी. झाडाच्या मुळांसारख्या जळक्या रेघा उठतात, दिसायला फार सुंदर. त्यासाठी मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून वापरतात. त्यातून २००० व्होल्टच्या आसपास वीज येते, आणि तिथे चुकीला दुसरी संधी नाही. यात माणसं मेली आहेत, म्हणून अमेरिकेतल्या लेथवर लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत ते करायला बंदी घातली. मला आजही "मिस्त्री, तसलं एक करून दाखवा" म्हणून विचारतात. माझ्या हातून ते कोणाला दिसणार नाही.

आता मी काय घालतो ते लिहितो. पायाला चॅप्स. म्हणजे पँटवरून बांधायचं जाड आवरण. त्याच्या आत लांब, सैल धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ती वरचं कापड फाडते, ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, गुंडाळतात आणि चेन अडते. कापड चेनला 'थोपवत' नाही, गुंतवतं. म्हणूनच जास्त ताकदीच्या विजेच्या मशीनपुढे त्याचा तेवढा भरवसा धरू नये. मला ते साडेचार हजाराला पडलं. एप्रिलमध्ये घालून काम करणं म्हणजे घामाची आंघोळ आहे, खोटं सांगत नाही. म्हणून मी उन्हाळ्यात चेनसॉचं काम सकाळी साताच्या आत आटोपतो. जाळीचं हेल्मेट, कानाला मफ. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. माझ्या उजव्या कानात रात्री जी शिटी वाजते ती आता जाणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. पायात बूट. गळ्यात टॉवेल नाही. हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यात अवघड, टॉवेलाशिवाय माणूस उघडा वाटतो.

धारेबद्दल थोडं जास्त लिहिणार, कारण ते कोणी दाखवत नाही आणि मला त्याचं वेड आहे. चेनच्या प्रत्येक कापणाऱ्या दातापुढे एक बुटका दात असतो. तो कापत नाही, कापणाऱ्याने किती खोल जायचं ते ठरवतो. आळीपाळीने डावे-उजवे कापणारे दात असलेली ही चेन १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचली, ती लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवरून. अळी डावीकडे-उजवीकडे खात जाते हे त्याने बसून बघितलं. आम्ही आयुष्यभर त्या अळीला शिव्या देतो! तर त्या बुटक्या दाताला कानस मारून फार खाली आणला की मोठा दात लाकडात खोल घुसतो, हबकतो, आणि उसळीची शक्यता वाढते. "मशीन जास्त कापतंय" म्हणून पोरं खूश होतात. आणि बोथट चेनचं उलटं आहे. ती कापत नाही म्हणून माणूस अंगाने दाबतो, आणि लाकूड संपलं की तोल पुढे जातो. भुसा बघावा. कणीदार, जाडसर पडत असेल तर धार आहे. पिठासारखा पडायला लागला की थांबावं.

पावसाळ्यात आमच्या बाजूला रस्त्यावर झाडं पडतात. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको. मग ज्याच्याकडे मशीन आहे त्याला हाक येते, आणि चार जण मोबाइल घेऊन उभे राहतात. पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा वाईट. फांदी जमिनीला टेकून वाकलेली असते, तिच्या एका अंगाला ताण आणि दुसऱ्या अंगाला दाब. ताणाच्या अंगाने आधीच खोल घाव घातला तर ती फाटते आणि चाबकासारखी सुटते. आधी दाबाच्या अंगाने उथळ काप, मग ताणाच्या अंगाने हळूहळू. आणि फांदी जिकडे सुटेल तिकडे कोणी उभं नको, व्हिडिओ काढणारा तर नकोच. गेल्या जुलैत मी एका पोराला तीनदा मागे केलं. चौथ्यांदा मशीन बंद करून बसून राहिलो. रस्ता अर्धा तास तसाच राहिला, एसटीवाले चिडले. पोर लांब गेल्यावरच सुरू केलं.

झाड तोडायला परवानगी लागते हेही व्हिडिओत दिसत नाही. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. काही जाती सोडल्या तर आपल्या शेतातलं झाड असलं तरी वनखात्याला विचारावं लागतं. मी आता ओंडका कुठून आला ते पहिल्या वाक्यातच सांगतो.

नवे व्हिडिओ अकरा-बारा मिनिटांचे असतात. पाचरी ठोकण्यापासून सुरुवात. वेग वाढवायचा नाही. सावधगिरीचं जे काही आहे ते मी मराठीत बोलतो, आणि शेजारचे निवृत्त मास्तर तेच कन्नडमध्ये बोलतात. पहिला एकोणीसशे लोकांनी बघितला. पुतण्या नाराज आहे, तरी करतो.

ऑगस्टच्या अखेरीस, गणपतीच्या आठ दिवस आधी, त्या गृहस्थांचा फोन आला. अर्धवट कोरलेला तो बुंधा अंगणात तसाच पडला होता. घरातल्या बाईला तो डोळ्यासमोर नको होता आणि जाळायलाही मन होत नव्हतं. "तुमीच येऊन पुरा करून द्या की ओ."

मी गेलो. पोरगा ओट्यावर बसला होता, पाय लांब करून. एकोणीस-वीसचा, मिसरूड फुटलेला. मला बघून उठायला लागला, मी बस म्हटलं. बुंध्यावर एका कडेला वेडावाकडा खोल काप होता, तिथलं लाकूड काळं पडलं होतं. मी पाचरी ठोकल्या. चॅप्स बांधले, तो ते बघत होता. त्याने हात लावून बघितलं, मग स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. काही बोलला नाही.

मग म्हणाला, "मी काढू काय मामा, व्हिडिओ?"

मी त्याच्या आईकडे बघितलं. ती आत गेली नाही, दारातच उभी राहिली. मी त्याला पंधरा पावलांवर खुर्ची टाकून दिली आणि तिथून उठायचं नाही म्हणून सांगितलं. पाऊण तास लागला. काळा काप सगळा निघाला, बसायची जागा ठरवल्यापेक्षा दोन बोटं खोल झाली. मी ब्रेक लावला, मशीन खाली ठेवलं, बटण बंद केलं, हेल्मेट काढलं. मागे वळून बघितलं तर त्याने मोबाइल तसाच धरला होता, मशीनकडे. चेन थांबलीय याची खात्री करून मगच त्याने रेकॉर्डिंग बंद केलं.